'झोपली होती' की 'झोपल्या होत्या'?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका कथासंग्रहाचं परीक्षण आलंय, त्याबद्दल हे पत्र. पुस्तकाचं आणि परीक्षण लिहिणाऱ्यांचं नाव मुद्दामच इथे नाही, भांडण माणसांशी नाहीये. पण पाऊण पान परीक्षण, त्यात आठ कथांची आठ कथानकं, दोनांचे तर शेवटपण सांगून टाकलेत, आणि खाली "लेखिकेची शैली ओघवती असून मुखपृष्ठ समर्पक आहे" की झालं. गोष्ट कोण सांगतंय, कुठे उभं राहून सांगतंय, त्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाहीये, याबद्दल एक ओळ नाही. आणि एका कथेबद्दल तर चक्क लिहिलंय की ही "कामवाल्या बाईच्या प्रामाणिकपणाची हृद्य कथा" आहे. ते वाचलं आणि माझा चहा तसाच राहिला, कारण ती कथा नेमकी उलटी आहे, आणि हे मला माहितीये कारण ती आधी एका दिवाळी अंकात आली होती आणि तेव्हा माझ्या हाताखालून गेलीय.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे आलेला मजकूर संगणकावर टाइप करून छपाईसाठी पानं लावण्याचं. सव्वीस वर्षं झाली. सुरुवात पेजमेकर आणि श्रीलिपीवर, आता इनडिझाइन आणि युनिकोड. जून-जुलै उजाडला की दिवाळी अंकांची कामं सुरू होतात ती घटस्थापना येईपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. पूर्वी फुलस्केपवर लिहिलेल्या कथा यायच्या, डावीकडे समास सोडून, आता व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानांचे फोटो येतात आणि कोपऱ्यात लेखकाचा अंगठा. शिक्षण बी.कॉम., साहित्याशी संबंध एवढाच की जे टाइप केलं ते वाचलं. पण टाइप करत वाचणं हे वेगळंच असतं बरं का, वाचणारा ओळीवरून घसरत जातो, टाइप करणाऱ्याला एकेक वेलांटी उचलून ठेवावी लागते.

तर ती कथा. सांगणारी "मी" म्हणजे ब्यूरोकडून आलेली चोवीस तासांची बाई. मोठा फ्लॅट, मुलगा परदेशात, आजी अंथरुणाला खिळलेल्या. ही बाई आपल्याला आजींचं सगळं सांगते, आजी किती कडक होत्या, साखर चालायची नाही तरी गुपचूप लाडू कसा मागायच्या, मला कसं पोटच्या पोरीसारखं वागवलं, आणि एक दिवस हातातल्या दोन पाटल्या काढून कशा माझ्या हातात कोंबल्या, मी नको नको म्हणत होते तरी. सोळा पानं कथा. सोळाही पानं आजी "उठल्या", "चिडल्या", "म्हणाल्या", "हसल्या". आणि मधेच कुठेतरी, अकराव्या की बाराव्या पानावर, एकच वाक्य: "त्या रात्री आजी गाढ झोपली होती." पुढच्या ओळीत सकाळ होते आणि आजी परत "उठल्या".

हे वाक्य समोर आल्यावर मी काय केलं, तर सरळ "झोपली होती"चं "झोपल्या होत्या" करून टाकलं. लेखकांच्या हातून असं होतंच, एका पानावर काकू "आल्या" आणि दुसऱ्यावर "आली", आणि आमच्या धंद्यात हे गुपचूप दुरुस्त करण्याची खोडच लागते, वर आपण उपकार केला असंही वाटतं. प्रूफ गेलं. रात्री साडेनऊला लेखिकेचा फोन. ओरडल्या नाहीत पण आवाज ताणलेला. "अहो ते होतं तसं करा प्लीज, ती बाई पकडली जाते ती तिथेच." फोन ठेवला, फाइल उघडली, कथा पहिल्या पानापासून पुन्हा वाचली, आणि अंगावर काटा आला. सोळा पानं अहो-जाहो करणारी बाई, आणि त्या एका रात्रीपुरता तिच्या तोंडचा मान गळून पडतो. त्या रात्री समोर आजी नसतात, एक झोपलेली म्हातारी असते, हातात पाटल्या असलेली. पुढे मुलगा काही विचारत नाही, पोलीस येत नाहीत, बाई स्वतः तर शेवटपर्यंत "आजींनी दिल्या" हेच म्हणते. पुरावा म्हणून एक क्रियापद, तेही माझ्या हातून मरता मरता वाचलेलं.

आणि परीक्षणात काय, तर प्रामाणिकपणा!

अशा सांगणाऱ्याला समीक्षक "अविश्वसनीय निवेदक" म्हणतात. वेन बूथ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१च्या पुस्तकात हा शब्द रुळवला, पण युक्ती फार जुनी, एडगर अ‍ॅलन पोची १८४३ची ती धडधडणाऱ्या काळजाची गोष्ट आठवत असेल, म्हाताऱ्याला मारून फळ्यांच्या जमिनीखाली दडवलंय आणि सांगणारा पहिल्या ओळीपासून पटवतोय की मी वेडा नाही हो. तिथे तो ओरडून ओरडून स्वतःला उघडं पाडतो. मराठीत एवढं ओरडावं लागत नाही, "ल्या"च्या जागी "ली" आली तरी पुरतं.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे की मराठीत गोष्ट सांगणाऱ्याला लपायला जागा फार कमी. इंग्रजीत राजा पण "ही" आणि त्याचा मोतद्दार पण "ही", आपली "ही" नव्हे, त्यांची. आपल्याकडे पहिल्याच वाक्याला ठरवावं लागतं, रामा आला की रामराव आले. शाळेत शिकवतात की तृतीयपुरुषी निवेदन म्हणजे तटस्थ, सर्वज्ञ, देवासारखं वरून बघणारं. मग हा देव पाटलांना "आले" आणि त्यांच्या गड्याला "आला" का म्हणतो, गडी वयाने वीस वर्षं मोठा असला तरी? मालकीणबाई बसल्या, मोलकरीण बसली. डॉक्टर म्हणाले, कंपाउंडर म्हणाला. शेकडो कथांमधे हे टाइप केलंय मी. लेखक दर वेळी मुद्दाम करतात असं नाही, हाताला पडलेलं वळण असतं, पण त्या एका मात्रेवरून कळतं की हा तटस्थ देव वाड्यात बसलाय की गोठ्यात.

आता व्यंकटेश माडगूळकरांचं "माणदेशी माणसं" घ्या, १९४९चं. नुसती शीर्षकं बघा, "धर्मा रामोशी", "रामा मैलकुली", आणि "बिटाकाका". कुणाला नुसतं नाव अन् जात नाहीतर काम, आणि कुणाला काका, म्हणजे सांगणारा गावात कुठल्या घरात वाढलाय हे अनुक्रमणिकेतच कळलं. पण माडगूळकर ते लपवत बसत नाहीत, उलट त्याचाच उपयोग करतात. धर्मा रामोशी आठवा. "मी" त्याला धोतर देतो, पण नंतर ते काही धर्माच्या अंगावर दिसत नाही. वाचता वाचता आपल्याही मनात येऊन जातं की विकलं असेल, नाहीतर अजून काही. आणि मग ते धोतर दिसतं ते त्याच्या तरण्या मुलीच्या अंगावर. हीच गोष्ट धर्माच्या घरात बसून सांगितली असती तर आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं की घरात तरणी पोर आहे आणि तिला नेसायला नाही, आपण हळहळलो असतो, पान उलटलं असतं. देणाऱ्याच्या डोळ्यांनी सांगितल्यामुळे आपण हळहळत नाही, आपण मनातल्या मनात ओशाळतो, कारण मघाशी मनात काय येऊन गेलं ते आपल्याला माहीत असतं.

इथे एक गंमत करू. संपादकसाहेब, आता वर जाऊन बघा, हे पत्र बाईचं आहे की पुरुषाचं हे कुठे कळतंय का. नाही कळणार, कारण मी ते कळू दिलेलं नाही. "केलं", "उघडली", "वाचली" ही सगळी क्रियापदं कर्माच्या मागे चालतात, फाइल उघडली, कथा वाचली, त्यात माझा पत्ता लागत नाही. "मला वाटतं" चालतं, "म्हणेन" चालतं. पण एकदा का "मी गेले" नाहीतर "मी गेलो" लिहिलं की खेळ खलास. तर मी बाई आहे, आणि आता मोकळी झाले, दमले त्या कसरतीने. इंग्रजीत "मी"ला अख्खी कथा बाई का पुरुष ते न सांगता राहता येतं, मराठीत त्यासाठी असा दोरीवरून चालण्याचा प्रकार करावा लागतो, आणि एखादीने तो केला तर ते परीक्षणात यायला नको का?

या "गेले-गेलो"वरूनच अजून एक. चार-पाच वर्षांपूर्वी एका गृहस्थांची कथा आली होती माझ्याकडे, चांगले नावाजलेले, सांगणारी "मी" म्हणजे पन्नाशीची बाई, आई दवाखान्यात, ही रात्रपाळीला सोबत. उत्तम कथा, बाईचं मन वगैरे सगळं नीट, साडीच्या निऱ्या कुठे खोचल्या तेसुद्धा. आणि आई गेल्याचं नर्स सांगते तिथे हाताने लिहिलेलं स्पष्ट वाक्य: "मी तशीच जिन्यात बसलो." तशीच, बसलो! एका वाक्यात अर्धी बाई आणि अर्धा पुरुष. आजींच्या वेळचा चटका बसलेला होता म्हणून या वेळी हात लावला नाही, लाल खूण करून विचारलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, चूक आहे हो, "बसले" करा. केलं. पण मला अजून वाटतं की ती चूक नव्हती, जिन्यात खरोखर कोण बसलं होतं ते त्या "लो"मधे आलं होतं. विचारलं नाही, विचारणार तरी काय.

पुरुषांनी बाईच्या तोंडून लिहिणं आपल्याकडे काही आजचं नाही. हरिभाऊ आपट्यांचं "करमणूक" साप्ताहिक १८९० साली सुरू झालं आणि त्यातून "पण लक्षात कोण घेतो" येऊ लागलं, ती अख्खी यमूने सांगितलेली कहाणी. कादंबरी आहे, कथा नाही, पण "मी"चा विषय निघाला की यमूला टाळून पुढे जाता येत नाही. उलट बाजूने १९३३ साली "कळ्यांचे निःश्वास" आलं, विभावरी शिरूरकर या नावाने, आणि केवढं वादळ झालं, कारण शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुली मनातलं बोलत होत्या आणि लोकांना कथेपेक्षा ही विभावरी कोण याचाच घोर लागला होता. ती होती बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. एवढी वर्षं झाली तरी आपण अजून तिथेच आहोत बहुतेक, कारण तुमच्या त्याच परीक्षणात तिसऱ्या कथेबद्दल लिहिलंय की "लेखिकेच्या नवऱ्याने तिला सोडल्यानंतर". लेखिकेच्या कुठून? कथेतल्या "मी"च्या! लेखिकेचे यजमान व्यवस्थित घरी आहेत, प्रूफं न्यायला स्कूटरवरून तेच यायचे.

सांगणाऱ्याला काय माहीत आहे आणि ते कुणापासून लपलंय, यावर तर अख्खी कथा उभी राहते किंवा पडते. बाबुराव बागुलांची "जेव्हा मी जात चोरली होती", १९६३चा संग्रह. शीर्षकातच "मी" आहे आणि शीर्षकातच गुपित फोडलंय. परगावी रेल्वेतली नोकरी, राहायला खोली हवी, जात सांगितली तर मिळणार नाही. हे जर बाहेरून, "तो"च्या रूपात लिहिलं असतं आणि जात शेवटी उघड केली असती तर एक धक्का बसला असता, संपलं असतं. "मी" सांगतोय म्हणून आपल्याला पहिल्यापासून माहितीये, घरवाल्याला माहीत नाही, आणि मग साधं कुणी प्रेमाने बोललं, जवळ बसवलं तरी वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. धक्का एकदाच बसतो, हा गोळा कथाभर राहतो. आणि जाता जाता, "चोरली" हे पण जातीच्या मागे गेलेलं क्रियापद आहे, शीर्षकात "मी" आहे पण तो बाई की पुरुष ते दिसत नाही, दिसते ती जात. हे मी टाइपिंगवाली म्हणून बघते हो, कुणी म्हणेल फार ताणतेय.

याच्या उलट शेरलॉक होम्स. छप्पन कथा, त्यातल्या बहुतेक सगळ्या त्याच्या मित्राने, वॉटसनने सांगितलेल्या, आणि ते बरंच आहे कारण होम्सला जे पहिल्या पाच मिनिटांत दिसतं ते वॉटसनला दिसत नाही आणि आपल्यालाही नाही. दोनच कथा होम्स स्वतः सांगतो, दोन्ही १९२६च्या, त्यातल्या एकीत तर तो कबूल करतो की वाचकाला रस वाटेल असं लिहावं लागतं हे मला आता कळायला लागलंय. इतकी वर्षं वॉटसनला नावं ठेवून! आणि खरंच त्या दोन कथा जरा फिक्याच आहेत, ज्याला सगळं दिसतं त्याने गोष्ट सांगायला बसलं की त्याला मुद्दाम गप्प राहावं लागतं आणि ते गप्प राहणं वाचकाला ऐकू येतं.

बरं "मी"चं झालं, "आम्ही"चं काय? विल्यम फॉकनरची "अ रोज फॉर एमिली" म्हणून १९३०ची कथा आहे, ती एका माणसाने सांगितलेलीच नाही, अख्खं गाव सांगतं. मिस एमिली वारली, तिच्या मयताला सगळा गाव गेला, पुरुष जरा मान म्हणून आणि बायका तिचं घर आतून कसं आहे ते बघायला. तिने विष विकत आणलं होतं ते गावाला माहीत, पुढे कुठलं दार फोडावं लागलं आणि उशीवर काय सापडलं ते वाचलं नसेल तर मी सांगणार नाही. इंग्रजीत तिथे सगळीकडे एकच शब्द, "वी". एका ओळखीच्या मॅडम याचं मराठी करत होत्या आणि टाइप करायला माझ्याकडे दिलं होतं, पहिल्याच पानावर अडलो आम्ही. "आम्ही" की "आपण"? "आम्ही तिच्या मयताला गेलो" म्हटलं की गाव एका बाजूला आणि वाचक बाहेरून आलेला पाहुणा. "आपण तिच्या मयताला गेलो" म्हटलं की वाचकपण त्या गर्दीत, त्यानेपण तिच्या खिडकीखाली नाक मुरडलेलं, तोपण तेवढाच दोषी. हा फरक फॉकनरला करायची सोयच नव्हती आणि मराठीत तो टाळायची सोय नाही. मॅडमनी तीन आठवडे घेतले. शेवटी "आम्ही" ठेवलं, फक्त ते बंद दार उघडतात तिथे एकदाच "आपण" केलं. आणि गावगप्पांच्या जागी मी सुचवलेला एक शब्द त्यांनी घेतला त्याचा मला अजून आनंद आहे, तो म्हणजे "म्हणे". विष तिने म्हणे उंदरांसाठी नेलं. एवढ्याशा "म्हणे"ने सांगणारा हात झटकून मोकळा होतो, मी बघितलं नाही हो, ऐकलं.

अजून एक गोष्ट आहे जी आम्हा डीटीपीवाल्यांनाच दिसते बहुतेक, ती म्हणजे अवतरणचिन्हं. ग्रामीण कथा टाइप करताना चिन्हाच्या आत "न्हाई", "व्हतं", "कशापायी", आणि चिन्ह बंद झालं की बाहेर "नाही", "होतं", "कशासाठी". म्हणजे पात्रं गावात आणि सांगणारा एसटी पकडून शहरात आलेला, आमच्या तुमच्या बाजूला बसून बोट दाखवणारा. वाईट असतं असं नाही, चांगल्या कथा आहेत तशा ढिगाने. पण भाऊ पाध्यांचं "वासूनाका", १९६५चं, त्यात सांगणारा पोक्या स्वतःच नाक्यावरचा, त्यामुळे आत जी भाषा तीच बाहेर, मधे कुंपण नाही. त्यावर जो आरडाओरडा झाला तो अश्लीलतेवरून झाला असं म्हणतात, मला विचाराल तर लोकांना जास्त झोंबलं ते हे, की नाक्यावरच्या पोरांकडे बघणारा सभ्य माणूस मधे ठेवलाच नव्हता. आजकाल बऱ्याच तरुण मुलामुलींच्या कथा येतात, निवेदनच वऱ्हाडीत नाहीतर मालवणीत, आणि काही अंकांचे संपादक मला सांगतात की निवेदन तेवढं प्रमाण करून द्या, संवाद राहू देत. मी आता तसं करून देत नाही. एक अंक गेला त्यापायी हातचा.

पत्र फार लांबलं, माहितीये. माझी मागणी छोटीच आहे. त्या परीक्षणात "लेखिकेच्या नवऱ्याने"च्या जागी "निवेदिकेच्या नवऱ्याने" अशी दुरुस्ती दोन ओळींत छापा, त्या बाईंना नातेवाइकांचे फोन येतायत. पाटल्यांच्या कथेबद्दल काही छापू नका, ज्याला सापडेल त्याला सापडू दे, मी इथे फोडलीच आहे म्हणा पण नाव घेतलेलं नाही. आणि हे पत्र जागेअभावी कापायचं असेल तर खुशाल कापा, वॉटसनचा परिच्छेद गेला तरी चालेल. फक्त तुमच्याकडे जो कोणी टाइप करायला बसेल त्याला सांगा की वरच्या अर्ध्या भागात क्रियापदं विचित्र वाटली तरी "मी केलं"चं काही करू नकोस, आणि "झोपली होती"ला तर हातच लावू नकोस.

आपली,
एक डीटीपीवाली, पुणे
(नाव छापू नये, कामं जातात)